मेणाचा चेहरा नको: एआय पोर्ट्रेटमध्ये खरी वाटणारी त्वचा कशी आणायची

एआयने बनवलेला चेहरा मोबाइलवर झकास दिसतो, आणि दोन बोटांनी मोठा करून पाहिला की देखाव्यातल्या रंगवलेल्या पुतळ्यासारखा वाटतो. नवीन माणूस मग प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनेत, ‘स्किन पोअर्स’ (त्वचेची रंध्रं) लिहितो. तेवढ्याने भागलं नाही की ‘अल्ट्रा डिटेल्ड स्किन पोअर्स’ लिहितो. गालाची संत्र्याची साल होते, पण चेहरा काही खरा वाटत नाही.

कारण खऱ्या त्वचेची ओळख रंध्रांवरून कमी आणि ठिकठिकाणच्या फरकावरून जास्त पटते. कपाळ तेलकट, गाल कोरडा, डोळ्यांखाली सावळेपणा, ओठांभोवती रंग थोडा गडद, नाकाच्या शेंड्यावर चकाकी, पाठीमागून ऊन असेल तर कानाच्या पाळीतून येणारा लालसर उजेड. चेहऱ्यावर हा असमानपणा आला की रंध्रं मोजायला कोणी जात नाही. तो आणायची साधनं चार: उजेड, चेहऱ्याच्या वाट्याला येणारे पिक्सेल, गायडन्सचा आकडा आणि प्रॉम्प्टमधले शब्द. यातलं सगळ्यात दुबळं साधन म्हणजे शब्द, आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

पुढचे आकडे स्टेबल डिफ्यूजन एक्सएल, म्हणजे एसडीएक्सएल जातीच्या मॉडेलसाठी आहेत. ही मॉडेलं चालवणाऱ्या फोर्ज किंवा कम्फीयूआय या प्रोग्रॅमपैकी कशातही चालतील. ८ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डावर काम होतं. फ्लक्स आणि मिडजर्नी या दुसऱ्या मॉडेलांचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगितलं आहे.

गुळगुळीतपणा येतो कुठून

पहिलं कारण शिकवणीत आहे. ज्या फोटोंवर ही मॉडेलं तयार झाली त्यांत जाहिराती, मासिकं आणि फिल्टर लावलेल्या सेल्फींचा भरणा मोठा. वर ‘दिसायला चांगले’ म्हणून गुण मिळालेले फोटो वेगळे काढून त्यांवर पुन्हा शिकवणी होते. स्टेबल डिफ्यूजन १.५ या आधीच्या मॉडेलच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यामुळे ‘सुंदर चेहरा’ म्हटलं की मॉडेलला रिटचिंग केलेलाच चेहरा आठवतो.

दुसरं कारण गणिताचं. मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. ८ गुणिले ८ पिक्सेलचा चौकोन एका घरात दाबून, त्या छोट्या जाळीवर चित्र तयार होतं आणि शेवटी व्हीएई नावाचा भाग ते उलगडून पिक्सेल करतो. ८३२ × १२१६ आकारात पूर्ण उभा माणूस घेतला, तर चेहऱ्याला रुंदीत जेमतेम शंभर-सव्वाशे पिक्सेल मिळतात. म्हणजे जाळीवरची बारा-पंधरा घरं. तेवढ्यात डोळे, नाक, ओठ बसवायचे की गालावरची लव काढायची? तिथे कितीही विशेषणं ओतली तरी त्वचा उमटणार नाही, कारण तिला जागाच नाही.

तिसरं कारण गायडन्स, ज्याला पॅनेलवर सीएफजी म्हणतात. प्रॉम्प्ट धरून आलेला अंदाज आणि प्रॉम्प्टशिवाय आलेला अंदाज यांतला फरक किती पटीने ताणायचा, ते हा आकडा ठरवतो. जास्त ताणलं की रंग भडकतात, कॉन्ट्रास्ट चढतो आणि मधल्या हलक्या छटा उडून जातात. नैसर्गिक त्वचा नेमकी या मधल्या छटांत असते.

पायरी १: मॉडेल निवडा

मूळ एसडीएक्सएल माणसांसाठी फारसं चांगलं नाही. फोटोसारखं काम हवं असेल तर जगरनॉट एक्सएल किंवा रिअलव्हिस एक्सएल यांसारखं फोटोंवर पुन्हा घडवलेलं मॉडेल घ्या. नावात ‘लाइटनिंग’ किंवा ‘टर्बो’ असलेली आवृत्ती चार-आठ स्टेप्समध्ये, म्हणजे टप्प्यांत, चित्र देते, पण त्वचेचा बारीक पोत तिथेच हरवतो. सराव तिच्यावर करा, अंतिम चित्र पूर्ण आवृत्तीवर काढा.

ब्लॅक फॉरेस्ट लॅब्सचं फ्लक्स.१ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. हात, बोटं, कपडे यांत ते पुढे आहे, पण त्वचेला तुकतुकीत मेण लावायची त्याला खोड आहे. (हनुवटीला खळी पाडायचीही. दहा वेगळ्या माणसांची चित्रं काढा, निम्म्यांच्या हनुवटीला तीच खळी.) जुलै २०२५ मधली फ्लक्स क्रिया ही आवृत्ती हा ‘एआय तोंडवळा’ टाळण्यासाठीच काढली गेली, फ्लक्सच वापरायचं असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.

पायरी २: चौकट आवळा

त्वचा दाखवायची तर चेहऱ्याने चौकटीच्या रुंदीचा किमान तिसरा हिस्सा व्यापला पाहिजे. ८९६ × ११५२ आकारात छातीपासून वरचं चित्र घ्या. चेहऱ्याला साधारण ३५० ते ४५० पिक्सेल मिळतात. पूर्ण माणूस हवाच असेल तर घ्या, पण त्याची त्वचा पायरी ५ मध्ये तयार होईल हे धरून चाला.

अगदी जवळून, म्हणजे ‘एक्स्ट्रीम क्लोजअप’ मागितलात तर उलटं होतं. मॉडेलला त्वचारोगाच्या पुस्तकातले आणि मेकअपच्या जाहिरातीतले फोटो आठवतात; चेहऱ्यावर एकतर मुरुमं फुटतात किंवा फाउंडेशनचा लेप चढतो.

पायरी ३: आधी उजेड लिहा, मग त्वचा

समोरून सपाट उजेड पडला की खरा माणूसही गुळगुळीत दिसतो. पासपोर्ट फोटो काढणारे दोन्ही बाजूंनी छत्र्या लावतात त्या याचसाठी. पोत दिसायला उजेड तिरका हवा: ‘विंडो लाइट फ्रॉम द लेफ्ट’, ‘सॉफ्ट साइड लाइट फ्रॉम अ डोअरवे’, ‘ओव्हरकास्ट डेलाइट’. ‘स्टुडिओ लाइटिंग’, ‘ग्लोइंग’ आणि ‘सिनेमॅटिक’ हे तीन शब्द काढून टाका. एवढा एकच बदल करून, सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवून, आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी लावून बघा; उजेडाला पहिला मान का दिला ते कळेल.

एक चालणारा नमुना देतो. प्रॉम्प्ट रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचा, कारण एसडीएक्सएलच्या मजकूर वाचणाऱ्या भागाला मराठी उमगत नाही:

‘कॅन्डिड फोटो ऑफ अ ५२ इयर ओल्ड इंडियन वुमन, व्हेजिटेबल सेलर, सॉफ्ट साइड लाइट फ्रॉम अ डोअरवे, मिडियम ब्राउन स्किन, अनइव्हन स्किन टोन, डार्कर अराउंड द आइज अँड माउथ, स्मॉल मोल ऑन द चीक, स्लाइट शाइन ऑन नोज अँड फोरहेड, ८५ एमएम लेन्स, एफ/४’

यात वय आकड्यात आहे, कारण ‘मिडल एज्ड’ म्हटलं तरी मॉडेल पस्तिशीच्या पुढे जायला कां-कूं करतं. ‘कॅन्डिड फोटो’ आहे, ‘पोर्ट्रेट’ नाही. ‘पोर्ट्रेट’ म्हटलं की स्टुडिओ आलाच. एफ/४ (लेन्सच्या छिद्राचं माप) अशासाठी की एफ/१.४ लिहिलं तर पार्श्वभूमीबरोबर गालही धूसर होतो. आणि प्रत्येक खूण जागेसकट सांगितली आहे: तीळ गालावर, चकाकी नाक-कपाळावर. नुसतं ‘स्किन टेक्स्चर’ म्हटलं की मॉडेल एकच पोत पूर्ण चेहऱ्यावर वॉलपेपरसारखा चिकटवतं.

हे शब्द कटाक्षाने टाळा: ‘मास्टरपीस’, ‘फ्लॉलेस’, ‘परफेक्ट’, ‘ब्यूटिफुल’, ‘८के’, ‘ऑक्टेन रेंडर’. ‘हायपररिअलिस्टिक’ तर सगळ्यात फसवा. ज्याला फोटो म्हणायचं त्याला कोणी हायपररिअलिस्टिक म्हणत नाही. तो शब्द रंगवलेल्या चित्रांखाली लिहिलेला असतो, आणि मॉडेलही तेच शिकलं आहे.

निगेटिव्ह प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रात काय नको याची यादी, छोटा ठेवा: ‘एअरब्रश्ड, प्लॅस्टिक स्किन, थ्रीडी रेंडर, हेवी मेकअप, ब्यूटी फिल्टर’. इंटरनेटवर शंभर शब्दांचे निगेटिव्ह फिरतात. त्यांतले ‘मोल’, ‘ब्लेमिश’, ‘रिंकल्स’ असे शब्द तुम्हाला हवी असलेलीच गोष्ट पुसून टाकतात. फ्लक्सच्या ‘डेव्ह’ आवृत्तीत निगेटिव्ह मुळात चालत नाही, आणि मुख्य प्रॉम्प्टमध्ये ‘नो स्मूद स्किन’ लिहाल तर ते ‘स्मूद स्किन’ तेवढं ऐकेल.

आपल्याकडची त्वचा

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक मार्गदर्शिका गोऱ्या युरोपीय चेहऱ्यासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांतले शब्द आपल्याकडे उलटतात.

‘फ्रेकल्स’ हा त्यांचा लाडका उपाय. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर तो लिहिला की ठिपके येतातच, शिवाय डोळे घारे होतात, केस तांबूस होतात आणि नाकाची ठेवण बदलते, कारण शिकवणीतल्या फोटोंत हे सगळं एकत्र आलेलं होतं. आपल्याकडे त्याऐवजी तीळ, गालावरचा वांग, मुरुमाचा जुना काळसर डाग हे जास्त खरं. वांगासाठी ‘फेंट मेलाझ्मा ऑन द चीक्स’ चालतं, पण ‘फेंट’ विसरू नका.

‘व्हीटिश’ हा वधूवर मंडळातला शब्द मॉडेलला नीट कळतो असं धरू नका. ‘मिडियम ब्राउन स्किन’, ‘डीप ब्राउन स्किन, वॉर्म अंडरटोन’ असं सरळ लिहा. नुसतं ‘डार्क स्किन’ लिहिलं तर चेहरेपट्टी आफ्रिकी होण्याकडे झुकते. ‘साउथ एशियन’ सोबत हवं. नुसतं ‘इंडियन वुमन’ म्हटलं की टिकली, झुमके आणि लग्नातला मेकअप न मागता येतो, आणि मेकअप आला की त्वचा गेली. ‘नो’ लावून ते थांबत नाही. त्याऐवजी काम आणि कपडे सांगा: ‘प्लेन कॉटन सारी’, ‘बस कंडक्टर’, ‘स्कूल टीचर’.

सावळ्या त्वचेवर पोत सावलीपेक्षा चकाकीतून जास्त दिसतो. गोऱ्या गालावर रंध्र म्हणजे गडद ठिपका. गडद गालावर उजेडाचा डाग जिथे तुटतो, तिथे रंध्र कळतं. म्हणून गडद रंगासाठी थोडा मोठा आणि बाजूचा उजेड, सोबत ‘नॅचरल शीन’. ‘मॅट स्किन’ लिहिलंत तर चेहरा मातीचा होतो. मॉडेल पुन्हापुन्हा दोन पायऱ्या गोरं करत असेल तर त्वचेच्या रंगाचे शब्द प्रॉम्प्टच्या सुरुवातीला आणा आणि कंसात घालून १.१५ ते १.२ वजन द्या. १.३ च्या पुढे गेलात की रंग नारिंगी होतो.

लहान मुलांच्या चित्रात यातलं काहीच करू नका. मुलांची त्वचा खरोखरच नितळ असते. रंध्रं आणली की सात वर्षांच्या मुलाला तिशीचं तोंड येतं.

पायरी ४: आकडे

सीएफजी ३.५ ते ५. पॅनेलवर बहुधा ७ असतो, तो आधी खाली आणा. ३ च्या खाली चित्र फिकं आणि विस्कळीत होतं. सॅम्पलर (नॉइजमधून टप्प्याटप्प्याने चित्र काढायची पद्धत) डीपीएम++ २एम एसडीई कॅरास, स्टेप्स २८ ते ३५. एसडीई प्रकार प्रत्येक टप्प्यावर थोडा नॉइज पुन्हा मिसळतो, त्यामुळे बारीक पोत टिकायला मदत होते. साठ स्टेप्स दिल्या म्हणून त्वचा दुप्पट चांगली होत नाही.

फ्लक्स डेव्हमध्ये ‘फ्लक्स गायडन्स’ ३.५ वरून २ ते २.५ वर आणा. मेण बऱ्यापैकी तिथेच वितळतं. १.८ च्या खाली ते प्रॉम्प्ट ऐकेनासं होतं. मिडजर्नीत ‘स्टाइल रॉ’ लावा आणि ‘स्टायलाइझ’ १०० वरून ५० च्या आसपास ठेवा. चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या ठिकाणी मराठीत मागितलं तरी चालतं, पण फिरवायला आकडेच नाहीत. तिथे तुमच्या हाती फक्त पायरी ३ आणि ७.

त्वचेसाठी वेगळे लोरा, म्हणजे मॉडेलला जोडायच्या छोट्या पुरवणी फाइली, मिळतात. वापरा, पण ०.३ ते ०.५ वजनाने. ०.८ ला गाल हत्तीच्या कातडीसारखा होतो. दोन त्वचा-लोरा एकावर एक चढवू नका.

आणि ‘रिस्टोर फेसेस’ बंद ठेवा. त्यामागची जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर ही साधनं खराब, अस्पष्ट फोटो सावरण्यासाठी बनलेली आहेत. चांगल्या चेहऱ्यावर लावली की ती इस्त्री फिरवतात.

पायरी ५: चेहऱ्यावर दुसरा हात

भिंतीला रंगाचा दुसरा हात मारतात तसं हे काम. चेहरा कापून मोठा केला जातो, त्याच मॉडेलने पुन्हा रंगवला जातो आणि छोटा करून जागेवर चिकटवला जातो. फोर्जमध्ये एडिटेलर, कम्फीयूआयमध्ये इम्पॅक्ट पॅकमधला फेस डिटेलर. मघाचा सव्वाशे पिक्सेलचा चेहरा आता साधारण हजार पिक्सेलच्या चौकटीत रंगवला जातो, म्हणून पोत येतो.

डीनॉइज, म्हणजे आधीचं चित्र किती बदलायचं तो आकडा, ०.३ ते ०.३५ ठेवा. एडिटेलरचं मूळचं ०.४ फार वाईट नाही, पण चेहऱ्याची ओळख हलू लागते. ०.२ ला काही बदलत नाही, ०.५ ला दुसराच माणूस येतो. मास्कभोवतीचं (पुन्हा रंगवायच्या भागाभोवतीचं) पॅडिंग ३२ वरून ६४ करा, म्हणजे मॉडेलला आजूबाजूचा उजेड दिसतो आणि चेहऱ्यावर वेगळ्याच दिशेने प्रकाश पडत नाही. इथला प्रॉम्प्ट वेगळा आणि छोटा लिहा: वय, त्वचेचा रंग, खुणा, उजेड. साडी, दुकान, भाज्या यातलं काही नको. नाहीतर गालावर कोथिंबीर उगवल्यासारखे हिरवे डाग येतात.

या पायरीचा एक हमखास दोष असा, की चेहरा खरखरीत होतो आणि मान-हात पूर्वीसारखेच बाहुलीचे राहतात. मग इनपेंटमध्ये (चित्राचा निवडलेला भागच पुन्हा रंगवायची सोय) मान, कान आणि हात ब्रशने झाकून, ‘ओन्ली मास्क्ड’ निवडून ०.३ डीनॉइजने एक फेरी द्या. मानेवरच्या वळ्या आणि बोटांच्या पेरांवरचा गडदपणा प्रॉम्प्टमध्ये लिहा. चेहरा कितीही जमला तरी पाहणाऱ्याला खोटेपणा बहुधा मानेपाशीच टोचतो.

पायरी ६: मोठं करणं

दीडपट ते दुप्पट पुरेसं आहे. मोठं करणाऱ्या साधनांपैकी रिअल-ईएसआरगॅन एक्स४प्लस त्वचा सपाट करतो; ४एक्स-अल्ट्राशार्प केस आणि पापण्या छान उठवतो, पण गालावर कडा काढतो. त्वचेसाठी ४एक्स एनएमकेडी सियाक्स बरा. हाय-रेझ फिक्स (चित्र काढतानाच मोठं करायची सोय) वापरत असाल तर त्याचा डीनॉइज मूळचा ०.७ असतो, तो ०.३ वर आणा.

तुकड्यातुकड्याने मोठं करणारी पद्धत घेतली तर प्रॉम्प्ट प्रत्येक तुकड्याला लागू होतो. प्रॉम्प्टमध्ये ‘वुमन’ आहे, तुकड्यात फक्त खांदा आहे, आणि डीनॉइज ०.५ आहे: खांद्यावर दुसरं तोंड उगवतं. त्या फेरीत प्रॉम्प्टमध्ये फक्त ‘नॅचरल स्किन, फोटो’ ठेवा, डीनॉइज ०.२५, तुकड्यांची एकमेकांवरची चढण ६४ पिक्सेल.

पायरी ७: फोटोशॉप, जिम्प किंवा क्रिता

आधी तपासणी. चित्राचे लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगळे उघडा. खऱ्या फोटोत लाल चॅनेलमध्ये त्वचा सगळ्यात नितळ आणि निळ्यामध्ये सगळ्यात डागाळलेली दिसते, कारण निळा प्रकाश वरच्या थरातच अडतो आणि लाल आत शिरून पसरून बाहेर येतो. तुमच्या चित्राचे तिन्ही चॅनेल सारखेच स्वच्छ असतील तर रंगात असमानपणा नाही. मग रिकाम्या थरावर, ‘सॉफ्ट लाइट’ मिश्रणात, मऊ मोठ्या ब्रशने ५ ते ८ टक्के अपारदर्शकतेने नाक, गाल आणि कानावर लालसर, डोळ्यांखाली व ओठांभोवती तपकिरी-करडी छटा फिरवा. दिसली न दिसली एवढीच. थर चालू-बंद केल्यावरच फरक कळला पाहिजे.

संपूर्ण त्वचा नारिंगी असेल तर ह्यू-सॅच्युरेशनमध्ये लाल आणि पिवळ्या रंगांचं सॅच्युरेशन १० ते १५ ने उतरवा. हे एवढ्यावरच थांबवा, नाहीतर माणूस आजारी दिसतो.

ग्रेन, म्हणजे फिल्मवर असत तसे बारीक दाणे, सगळ्यात शेवटी, आणि चित्र ज्या आकारात प्रसिद्ध करायचं त्या आकारात आणल्यानंतर. आधी ग्रेन घालून मग छोटं केलं तर दाणे एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. ५० टक्के करड्या रंगाचा नवा थर घ्या, मिश्रण ‘ओव्हरले’, त्यावर एकरंगी गॉसियन नॉइज ८ ते १० टक्के, मग ०.४ पिक्सेल ब्लर, आणि थराची अपारदर्शकता २५ ते ३५ टक्के. ग्रेन पूर्ण चित्रावर हवा. फक्त चेहऱ्यावर टाकलात तर तो चेहऱ्याला लागलेली धूळ वाटतो.

जेपीजी ९० किंवा वरच्या दर्जाने सेव्ह करा. गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की दाबलं जाताना ग्रेन आणि पोत दोन्ही धुऊन निघतात, आणि समोरून निरोप येतो, ‘चेहरा जरा प्लॅस्टिकचा वाटतोय.’